उभा कल

निवृत्त झाल्यापासून अधूनमधून कोणीतरी दिवाळी अंकासाठी लेख मागतं आणि मी वाघाची गोष्ट देतो. भूगर्भशास्त्रज्ञ म्हणून भामरागडच्या जंगलात मी किती हंगाम काढले, पण वाघ दिसला दोनदाच, आणि दोन्ही वेळा मी नीट घाबरायच्या आत तो निघून गेला. तेवढ्या भांडवलावर मी सहा लेख लिहिले. वाघाची गोष्ट असली की लोक बाकीचं विचारत नाहीत. माझी ती सोय होती. जे सांगायला हवं होतं ते सांगायचं राहून गेलं, असं म्हणणं खोटं होईल. मी ते टाळलं. बायकोला सांगितलं नाही, आणि ज्याला सांगायचं त्याच्या अंगणात बसून, त्याच्या घरचा चहा पिऊनही सांगितलं नाही. आता ऐंशी ओलांडली आहे. अक्षर अजून लागतं. म्हणून यंदा वाघ नाही.

आधी आमचं काम काय असतं ते सांगतो. पावसाळ्यात भामरागडकडचे रस्ते तुटतात, म्हणून आम्ही दिवाळीनंतर जीपमध्ये तंबू टाकून निघायचो आणि होळीच्या सुमाराला परतायचो. रोज एक ठरलेली वाट चालायची. उघडा खडक दिसला की थांबायचं, हातोड्याने ताजा तुकडा काढायचा, भिंगाखाली धरायचा, आणि खडकाचा थर कोणत्या दिशेला किती कललाय ते मोजायचं. पुस्तकात याला नती म्हणतात. तळावर आम्ही सगळे नुसतं ‘कल’ म्हणायचो. शेकडो ठिकाणचे कल नकाशावर मांडले की जमिनीखालचा न दिसणारा आकार हळूहळू उमटतो. जमीन न खणता तिच्या पोटात काय आहे ते सांगायचं, असा हा धंदा. वैद्याच्या नाडीपरीक्षेपेक्षा फार वेगळा नाही, आणि चुकाही तशाच होतात.

लोकांना वाटायचं आम्ही सोनं शोधतो. मार्कंड्याच्या जत्रेत एकदा जीप थांबली असताना एका गृहस्थाने धोतराच्या सोग्यातून दगड काढून माझ्या हातात ठेवला. आत पिवळी चमक होती. मी म्हटलं, “भाऊ, हे अभ्रक आहे.” तो समजूतदारपणे हसला. “तुमाले असंच सांगा लागते जी, नोकरीचा सवाल आहे,” म्हणाला, आणि दगड पुन्हा सोग्यात बांधून निघून गेला.

माझ्याबरोबर क्षेत्र-सहायक म्हणून वामन रामटेके असायचा. पोंभुर्ण्याजवळच्या एका खेड्यातला. वडिलांनी छप्पन साली दीक्षा घेतलेली, आणि पोरगा शिकलाच पाहिजे म्हणून धानाची एक बांधी विकलेली. रामटेके बीएस्सी होता, माझ्याहून दोन वर्षांनी मोठा, आणि कामाला माझ्याहून चोख. त्याला कामापुरती गोंडीही येत असे. मला येत नसे. इतकी वर्षं त्या जंगलात काढून मी ती शिकलो नाही, याची तेव्हा लाजही वाटली नाही. रामटेके होता ना.

मी त्याला पहिल्या हंगामात एकच नियम शिकवला होता: कुठलाही दगड दिसला की आधी विचारायचं, हा जागचा की आणलेला? जागचा म्हणजे डोंगराच्या अंगाचाच खडक. आणलेला म्हणजे ओढ्याने, गुराने, माणसाने आणून टाकलेला. आणलेल्या दगडावर कल घ्यायचा नाही, कारण त्याला डोंगराबद्दल काही सांगता येत नाही. रामटेकेने तो नियम असा धरला, की जेवताना भातात खडा लागला तरी विचारायचा, “साहेब, हा जागचा का आनलेला?”

आम्ही ज्या रांगेचा नकाशा करत होतो ती भामरागडच्या पूर्वेची. तिचं नाव इथे देत नाही. चार-पाच गावं सोडली तर ते नाव कोणाला ठाऊक नाही. चढायला ती दोन तासांची, पण वयाने फार मोठी. इथे अब्जावधी वर्षांपूर्वी उथळ समुद्र होता. त्याच्या तळाशी वाळूचे आणि लोखंडाच्या गाळाचे थर साचत गेले, कागदावर कागद ठेवावा तसे. मग दोन्हीकडून दाब आला, थरांना घड्या पडल्या, आणि घड्या पडता पडता सगळं वर उचललं गेलं. तेव्हा इथे मोठा पर्वत असणार. पण जमिनीवर झाड नव्हतं, गवत नव्हतं, मुळांनी माती धरून ठेवणारं काहीच नव्हतं. उघड्या दगडावर पाऊस पडायचा आणि पर्वत थोडाथोडा वाहून जायचा. चंद्रपूरचा कोळसा, सिरोंचाकडे सापडणारी अजस्र प्राण्यांची हाडं, पश्चिमेचा काळा पाषाण, हे सगळं त्यानंतर कितीतरी काळाने आलं. ते यायच्या आधीच हा पर्वत म्हातारा होऊन झिजला होता. आज दिसतो तो डोंगर म्हणजे तुटलेल्या झाडाचा बुंधा. मऊ खडक गेला, कठीण थर तेवढे कण्यासारखे उरले.

हे मी एकदा दुपारी नदीकाठी दशम्या खाताना रामटेकेला सांगत होतो. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, “मंजे साहेब, बांधी वाहून गेली अन् धुरा उरला.”

बांधी म्हणजे धानाचं शेत आणि धुरा म्हणजे त्याचा बांध. याहून चांगलं वर्णन मी कुठल्याही पुस्तकात वाचलेलं नाही. पुढे ते मी भाषणांत वापरलं, आणि कोणाचं म्हणून कधी सांगितलं नाही. आता सांगितलं.

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीचा तो हंगाम. रांगेची पूर्व बाजू तेवढी राहिली होती आणि रामटेके हिवतापाने तंबूत पडला. दोन दिवस थांबायला हवं होतं. मी थांबलो नाही. जवळच्या माडिया पाड्यावरचा दुंगा आमच्याबरोबर वाट दाखवायला यायचा, पन्नाशीचा, कमी बोलणारा माणूस. त्याला घेऊन मी निघालो. त्याला मराठी येत होती ती बाजारापुरती, आणि मला गोंडी येत होती ती ‘येर’ म्हणजे पाणी आणि ‘मेट्टा’ म्हणजे डोंगर एवढी.

डोंगर उतरून आम्ही पूर्वेच्या पायथ्याला आलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. दाट झाडी, छातीएवढं गवत. मी दुंगाला विचारलं, “त्या झाडीत खडक आहे का? तिथं कल कसा आहे?”

“कल?” तो थबकला. मग मान हलवली. “हौ साब. कल आहे. तिकडं कल आहे.”

“किती कल?” मी तळहात तिरपा धरून विचारलं.

त्याने माझा तळहात धरला आणि सरळ उभा केला. “उभा. उरस्कल.”

मी गवतात शिरलो. खरंच, दगडाच्या पाच पट्ट्या जमिनीतून सरळ वर आल्या होत्या, एका ओळीत, कंबरेएवढ्या, शेवाळाने काळ्या पडलेल्या. खडक तोच, डोंगरमाथ्यावरचा थराथराने सुटणारा. मला भरून आल्यासारखं झालं. माथ्यावर हेच थर पंधरा-वीस अंशांनी निवांत पहुडलेले आणि इथे पायथ्याला एकदम उभे! याचा अर्थ हा पर्वत एकदा नाही, दोनदा उचलला गेला. पहिल्यांदा हळुवार. मग झिजून सपाट झाल्यावर पूर्वेकडून दुसरा धक्का बसला आणि कडेचे थर उभे राहिले. दोन उठाव! असं आजवर कोणी म्हटलं नव्हतं. मी पाचही जागी कल घेतला: नव्वद, नव्वद, अठ्ठ्याऐंशी, नव्वद, सत्त्याऐंशी. बुडाशी माती उकरून पाहिलं नाही. जागचा की आणलेला, हे मी विचारलंच नाही.

नमुना घ्यायला मी दुसऱ्या दगडाच्या कडेवर हातोडा उगारला तेव्हा दुंगा पुढे आला. “नको साब. नको मारू.”

जंगलात असं होतं. कुठल्या झाडाखाली बसायचं नाही, कुठल्या दगडाला शिवायचं नाही. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, “काही नाही होत रे,” म्हटलं, आणि बिडी दिली. त्याने बिडी घेतली, पण पेटवली नाही. माझ्याकडे पाठ करून बसला. दोन घावांत कोपरा निघाला. छान ताजा, गुलाबीसर दगड. मी त्यावर क्रमांक घातला आणि पिशवीत टाकला.

त्या उन्हाळ्यात अहवाल गेला. वरून शाबासकी आली, एका परिषदेत भाषण झालं, आणि माझं नाव वरच्या जागेसाठी गेलं. नकाशा छपाईला जायचा होता. उभ्या थराची खूण म्हणजे एक लांब रेघ आणि तिला मधोमध छेदणारी आखूड रेघ. पूर्वेच्या पायथ्याला अशा पाच खुणा.

पुढच्या हंगामात मी कचेरीत अडकलो आणि उरलेल्या मोजण्यांसाठी रामटेके एकटा गेला. माघात परत आला तो थेट माझ्या टेबलासमोर. बसला नाही.

“साहेब, पूर्वेचे पाच कल काढून टाका लागते.”

“काऊन?” मी त्याच्याच बोलीत गमतीने विचारलं. मी खुशीत होतो.

“ते खडक नोहोत जी. मी बुडापासी खोदाले गेलो तं दुंगाने हात धरला. तिथी पहिले त्याईचं गाव होतं, मंग उठलं. मानूस मेला का त्याच्या नावानं दगड उभा करते ते. उरस्कल. कल मंजे गोंडीत दगड, साहेब. माथ्यावरून आनून गाडले आहे. आनलेले दगड.”

मी टेबलावरच्या नकाशाकडे पाहत राहिलो. त्याला वाटलं मला समजलं नाही.

“तुमी कल म्हनला ढाळाचा, अन् तो कल म्हनला दगडाचा,” तो जरा हसला. “दोघंही खरंच बोलले. मी तापानं पडलो नसतो तं झालंच नसतं. मायीच चूक.”

त्याने माझ्यासाठी पळवाटसुद्धा तयार करून आणली होती. आजाराचा दोष स्वतःवर घेतला होता. मी फक्त “हो” म्हणायचं होतं. नकाशा अजून छापला नव्हता. पाच खुणा खोडायला पाच मिनिटं लागली असती.

मी म्हटलं, “ठेव. बघतो.”

तो जायला वळला आणि थांबला. “अजून एक आहे. तुमी तुकडा काढला तो दुसरा दगड दुंगाच्या बापाचा. त्याईचं असं आहे का, मेलेला मानूस सुखी असला तं त्याचा दगड वाढते. दुंगा म्हनते, दरसाल बोटभर वाढून राह्यला होता. फोडल्यापासून नाई वाढला.”

“दगड वाढत नसतात, रामटेके.”

“मले मालूम आहे जी,” तो म्हणाला. “डोंगर वाढते.”

महिना गेला. मी काही केलं नाही. तो दोनदा आठवण द्यायला आला, मग आला नाही. त्याने आपल्या क्षेत्र-वहीत सगळं रीतसर लिहिलं, चित्र काढून, आणि वही वर पाठवली. ती वही बैठकीत निघाली. आमचे वरिष्ठ नकाशा छापायच्या घाईत होते. वही चाळून ते म्हणाले, “कोट्यातून आलेली माणसं. ह्यांना कल तरी नीट घेता येतो का?” टेबलाभोवतीचे हसले. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “तुमचं काय म्हणणं?”

माझं म्हणणं मी शब्दशः लिहितो, कारण ते तसंच्या तसं आठवतं. मी म्हणालो, “लोहखनिजाजवळ सुई भरकटते, सर. रामटेकेंनी ती काळजी घेतलेली दिसत नाही.”

बाहेरच्या माणसाला यातली खोच कळायची नाही, म्हणून सांगतो. लोखंडाच्या डोंगरापाशी होकायंत्राची सुई भरकटते हे खरं आहे. पण सुई दिशा दाखवते. कल मोजतो तो लंबक, आणि लंबक चुंबकाला भुलत नाही, तो फक्त जमिनीची ओढ मानतो. शिवाय रामटेकेचं म्हणणं दिशेबद्दल नव्हतंच, कलाबद्दलही नव्हतं. तो दगडच खडक नव्हता, एवढंच तो म्हणत होता. हे मला माहीत होतं. खोलीतल्या निम्म्या लोकांना माहीत असणार. कोणी बोललं नाही, कारण मी वरच्या जातीचा, वरच्या जागेचा माणूस बोललो होतो.

वार्षिक गोपनीय अहवालात मी त्याच्या नावापुढे लिहिलं: “मेहनती. निरीक्षणे विश्वासार्ह नाहीत.” चार शब्द. ज्याने भातातल्या खड्यालाही जागचा की आणलेला विचारलं त्याच्याबद्दल. त्या चार शब्दांवर त्याची बढती अडली आणि त्याला क्षेत्रकामातून काढून नमुन्यांच्या भांडारात बसवलं. तंबू, ताडपत्र्या, आणि दगडांच्या पेट्या. चाळीस-बेचाळीसचं वय. पुन्हा तो डोंगरावर गेला नाही.

आमच्या भेटी व्हायच्या. जिन्यात, चहाच्या टपरीवर. तो “नमस्कार साहेब” म्हणायचा. आवाजात टोमणा नसायचा, तेच सोसायचं नाही. एकदाच, एका नव्या भूशास्त्रज्ञाने भांडारात त्याला गमतीने विचारलं, “रामटेके, तुम्ही इथले जागचे की कुठून आणलेले?” तर तो पेटीवर क्रमांक घालता घालता म्हणाला, “आनलेला आहो जी. म्हनून मायावर कल घेऊ नोका.” मी दारात उभा होतो. दोघांनी मला पाहिलं नाही.

नकाशा छापला गेला. ‘दोन उठाव’ काही वर्षं चालला. मग नव्या लोकांनी नव्या साधनांनी मोजण्या केल्या आणि कोणी न भांडता तो बाजूला पडला. पर्वत एकदाच उचलला गेला होता आणि उरलेलं सगळं काम झिजेने केलं होतं. माझी फजिती झाली नाही. आमच्या धंद्यात मतं पावसाने माती जावी तशी जातात, कोणाला दोष लागत नाही. माझी बढती मात्र त्या झिजेतून सुटली.

निवृत्तीच्या आदल्या वर्षी मी भांडारात गेलो आणि तो नमुना मागितला. कशासाठी, ते मला धड सांगता यायचं नाही. परत नेऊन द्यावा असं मनात होतं असं आज म्हणावंसं वाटतं, पण खात्री नाही. रामटेके तेव्हा निवृत्त होऊन गेला होता. नव्या माणसाने पेटी उघडली. क्रमांकाच्या खणात कापसाचा खळगा होता, दगड नव्हता. नोंदवहीत त्या क्रमांकापुढे रामटेकेच्या ठसठशीत अक्षरात एकच शब्द होता: “झिजला.”

नवा माणूस गोंधळला. “सर, नमुना पेटीत झिजतो का?”

मी म्हटलं, “वेळ लागतो. पण झिजतो.”

पोंभुर्ण्याला मी त्यानंतर दोन उन्हाळ्यांनी गेलो. विचारत विचारत घर सापडलं. कौलारू, अंगणात कडुनिंब, भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर. रामटेके खाटेवर बसला होता, दम्याने खंगलेला. मला पाहून उठायला लागला. मी बसवलं. त्याची बायको आतून पाणी घेऊन आली. “साहेब आले, चहा मांड,” तो म्हणाला, आणि मला: “दशम्या नाई भेटनार आता. दात नाई राह्यले.”

आम्ही तासभर बोललो. पोरांच्या नोकऱ्या, धानाचं पीक, भामरागडला आता पूल होणार म्हणतात ते. मग त्यानेच विषय काढला.

“तुकडा मी नेऊन देला, साहेब. निवृत्तीच्या आधी रजा घेतली होती तवा. एसटीनं गेलो, मंग पायी. दुंगा होता अजून. थकला होता लई. दोघांनी मिळून दगडाच्या बुडापासी ठेवला, चिकटला थोडाच असता. पन ठेवला.” तो खोकला थांबेपर्यंत थांबला. “मी म्हनलं, दुंगा, आता वाढंल का रे? तं म्हने, पाहू. घाई काय आहे.”

त्यावर तो हसला. मलाही हसावं लागलं.

मी तेवढ्यासाठीच दीडशे किलोमीटर आलो होतो. वाक्य तयार होतं. बसमध्ये ते मनात कितीदा तरी म्हटलं होतं: रामटेके, तुम्ही बरोबर होता, मला ते त्याच दिवशी माहीत होतं, आणि तरी मी तसं बोललो. एवढंच. ‘माफ करा’ हे शब्द तर शेवटी होते. तिथवर पोचायचीही गरज नव्हती.

कप खाली ठेवून मी उठलो. तो फाटकापर्यंत आला, भिंतीला हात लावत. फाटकापाशी थांबून माझ्याकडे नीट पाहिलं, दगड जागचा की आणलेला ते बघायचा तसं.

“साहेब, काही बोलाले आले होते का?”

दुंगा माझ्या त्या भेटीच्या आधीच वारला होता, हे त्याने नंतर बसस्टँडवर मला पोचवायला आलेल्या आपल्या जावयाकडून कळवलं. माझ्यासमोर नाही. रामटेके स्वतः त्या पावसाळ्यात गेला. छापील नकाशावर त्या पाच खुणा अजून आहेत. ज्याच्याकडे तो असेल त्याने त्या खोडाव्यात, ते खडक नाहीत. दुसऱ्या खुणेला एका माणसाच्या बापाचा दगड आहे. ही चूक माझी आहे, वामन रामटेके यांची निरीक्षणं अचूक होती, आणि लोखंडाचा तिच्याशी काही संबंध नाही. हे लिहून मी खात्यालाही पाठवलं आहे. तिथे आता मला ओळखणारं कोणी नाही.

पण त्या दिवशी फाटकापाशी त्याने विचारलं तेव्हा तो जिवंत होता आणि माझ्यापासून हातभर अंतरावर होता. वाट पाहत होता. मी वर पाहिलं आणि म्हणालो, “यंदा पाऊस लवकर येईलसं दिसतं.”

“हाव जी,” रामटेके म्हणाला. “दिसते खरं.”